चावीवर घेऊ का डायरेक्ट?

एप्रिलच्या शेवटच्या वीकांताला सोलापूरला घरी गेलो होतो. अण्णांच्या गाडीला डॅशकॅम बसवून घेणं हा एकमेव अजेंडा. कडुलिंबाच्या सावलीत गाडी लावली होती, दुकानातला पोरगा आरशाजवळचं रूम लाइटचं कव्हर काढून बसला होता आणि त्याने मान वर करून विचारलं,

"सर, चावीवर घेऊ का डायरेक्ट?"

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो, डिग्री ईएनटीसीची आहे, आणि आदल्या रात्री आंतरजालावर पाच तास घालवून कुठला सेन्सर रात्री चांगला दिसतो, १४० डिग्री पुरे की १७० घ्यावा यावर मी जवळजवळ पीएचडी केली होती. त्यामुळे मोठ्या झोकात सांगितलं, "डायरेक्ट. पार्किंग मोड पाहिजे मला."

"बॅटरी उतरंल की सर."

"नाही उतरत. कॅमेऱ्यात कटऑफ असतो."

पोरगा गप्प बसला. गिऱ्हाईक शिकलेलं दिसतंय म्हटल्यावर तो तरी कशाला वाद घालेल? रूम लाइटची वायर सोलली, कन्व्हर्टरची वायर तिला गुंडाळली, काळी टेप मारली आणि कव्हर लावलं. वीस मिनिटांत काम फत्ते. कॅमेऱ्यावर निळा दिवा लागला. मी खूष.

या वीस मिनिटांत मी किती चुका केल्या, ते आज लिहायचं आहे. हे लिहून माझी इज्जत फारशी वाढणार नाही, पण हापिसातल्या आमच्या ग्रुपवर गेल्या महिन्याभरात चौघांनी "कुठला डॅशकॅम घेऊ?" विचारलं आणि एकानेही "त्याला वीज कुठून देऊ?" असं विचारलेलं नाही. माझ्या मते पहिला प्रश्न कमी महत्त्वाचा आहे. सगळा घोळ दुसऱ्यात आहे.

कॅमेरा हवा कशाला होता, तर गेल्या वर्षी विजापूर रोडवर राँग साइडने आलेला एक बाइकवाला अण्णांच्या गाडीवर आदळला. गाडी थांबलेली, सिग्नल लाल. तरी गर्दी जमली आणि गर्दीने दोन मिनिटांत निकाल दिला: चारचाकीवाला, म्हणजे चूक त्याचीच. अण्णांनी तीन हजार दिले आणि घरी आले. पैशाचं काही नाही, पण आयुष्यभर महावितरणमध्ये सरळ नोकरी केलेला माणूस "माझी चूक नव्हती" हे पुढे पंधरा दिवस घरात सगळ्यांना सांगत होता, कारण तिथे कुणाला सांगता आलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं होतं, यांच्या गाडीत एक साक्षीदार बसवायचा.

शिवाय आमचा पुणे-सोलापूर हायवे. भिगवण, टेंभुर्णी, मोहोळ... साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री बिनादिव्याचे, बिनारिफ्लेक्टरचे समोर उभे राहतात. या रस्त्यावर ज्याने रात्री गाडी चालवली आहे त्याला डॅशकॅमचा उपयोग समजावून सांगायची गरज नाही.

तर कॅमेरा बसला. पहिले आठ-दहा दिवस लग्नसराईचे होते, गाडी रोज कुठे ना कुठे जायची, त्यामुळे काही कळलं नाही. मग मेचा दुसरा आठवडा आला. सोलापूरचा मे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पारा ४३-४४ ला टेकतो आणि सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. गुरुवारी संध्याकाळी भाजी आणल्यानंतर अण्णांनी गाडी बाहेर काढलीच नाही.

रविवारी रात्री दोन-सव्वादोनला आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. घाम, उलट्या, बसता येईना की झोपता येईना. अण्णांनी तिला धरून गाडीपर्यंत आणलं, मागच्या सीटवर बसवलं, चावी फिरवली.

टिक. टिक. टिक.

बॅटरी उतरलेली. गाडी एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी, मीच हौसेने घ्यायला लावलेली, अण्णांचा गुडघा दुखतो म्हणून. एएमटीत क्लच यंत्र सांभाळतं आणि ते यंत्रही बॅटरीवर, त्यामुळे धक्का मारून ती गाडी चालू होत नाही. जुनी गाडी असती तर गल्लीतली चार पोरं उठवून धक्का तरी मारला असता. शेजारच्या काकांचं दार वाजवलं, त्यांनी बनियनवरच गाडी काढली आणि तिघं दवाखान्यात पोचले. मुतखडा निघाला. इंजेक्शन दिल्यावर आईला पहाटे झोप लागली. जिवावरचं काही नव्हतं. पण रात्री सव्वादोनला अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ते माहीत नसतं.

मला हे मंगळवारी कळलं. फोनवर अण्णा म्हणाले, "काय नाही रे, आईला जरा त्रास झालता. आता बरं हाय. आणि हां, बॅटरी उतरली होती गाडीची. कॅमेऱ्यानं खाल्ली म्हणतो मिस्त्री."

च्यायला. ते "आणि हां" मला अजून ऐकू येतं.

आता हिशोब. सोपा आहे, दहावीच्या विज्ञानाचा. कॅमेरा चालतो ५ व्होल्टवर, माझा साधारण ०.६५ अँपिअर घेतो, म्हणजे सव्वातीन वॅट. १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर थोडं स्वतः खातो, म्हणून बॅटरीच्या बाजूने धरा ३.६ वॅट. भागिले १२, आले ०.३ अँपिअर. किरकोळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण हा आकडा चोवीस तासांनी गुणायचा असतो: दिवसाला सात अँपिअर-अवरच्या वर. त्यात गाडी बंद असतानाही तिचं स्वतःचं घड्याळ, लॉक, अलार्म वगैरे मिळून पंचवीस-तीस मिलिअँपिअर जातच असतात. गुरुवार संध्याकाळ ते रविवार मध्यरात्र, म्हणजे ऐंशी तास. एकूण झाले सव्वीस अँपिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ ची, तीही नवी असताना. अण्णांची तीन वर्षांची होती. उन्हाळ्यात बॅटरी जास्त लवकर म्हातारी होते, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आणि हे भरून निघेल कसं? इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरतो, खरं आहे. पण लेड-ॲसिड बॅटरी घाई करत नाही, ती सावकाश पिते. दिवसभरात गेलेले सात अँपिअर-अवर परत यायला तासभर तरी नीट ड्रायव्हिंग पाहिजे. अण्णांचं ड्रायव्हिंग म्हणजे भाजी मंडई आणि सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन, दहा मिनिटं जायला, दहा यायला, वर एसी चालू. पुण्यात रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्या माझ्या मित्राचा कॅमेरा डायरेक्टवर दोन वर्षं बिनतक्रार चालला आहे आणि तो मला छातीठोकपणे सांगत होता की काही होत नाही. त्याचं बरोबर आहे, त्याच्यापुरतं. दोघांची गाडी आणि बॅटरी सारखीच असली तरी त्या वापरणाऱ्यांचं आयुष्य वेगळं आहे.

मग तो कटऑफ कुठे गेला, ज्याच्या जिवावर मी पोराला गप्प केलं होतं?

इथे माझी खरी चूक आहे, आणि ती समजल्यावर मला माझ्या डिग्रीची लाज वाटली. कॅमेऱ्याला दिसतात ५ व्होल्ट. कन्व्हर्टरचं कामच ते आहे: मागे काहीही होवो, पुढे ५ व्होल्ट द्यायचे. बॅटरी १२.६ वर टुणटुणीत असो की ११ वर शेवटचे आचके देत असो, कॅमेऱ्याला पाचच दिसतात. त्याला बिचाऱ्याला कळणार कसं की मागे घर जळतंय? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतो आणि त्याची आरती ओवाळतो. खालच्या थरात काय चाललंय ते वरच्या थराला कळता कामा नये, म्हणजे डिझाइन छान! इथे ते इतकं छान होतं की बॅटरी मेली तरी वर पत्ता नाही. कटऑफ असावा लागतो तो कन्व्हर्टरच्या आत, १२ व्होल्टच्या बाजूला. तसे हार्डवायर किट मिळतात, त्यांना तीन वायरी असतात: एक कायम चालू लाइनची, एक चावीवरची, एक अर्थिंगची. माझ्या कन्व्हर्टरला दोनच होत्या. तो स्वस्तातला होता, पण खोटं काही बोलला नव्हता. मीच तिसरी वायर मोजली नाही.

ते किट घेतलं तरी एक मेख आहे. त्यात कटऑफ किती व्होल्टवर ठेवायचा ते ठरवावं लागतं, आणि पर्यायांत ११.६ किंवा ११.८ सारखे आकडे सर्रास असतात. तब्येतीतली बॅटरी आरामात असताना १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी संपली. १२.० म्हणजे तळाला पाव भाग उरला. इतक्या कमी लोडवर ११.६ दिसले तर ती बॅटरी संपल्यातच जमा. स्टार्टरला त्या एका क्षणात शंभर अँपिअरच्या वर लागतात, ते ती कुठून आणणार? म्हणून डायरेक्ट घ्यायचंच असेल तर कटऑफ १२.२ च्या खाली नको, आणि टायमरची सोय असेल तर चार-सहा तासांचा टायमर लावावा. म्हणजे बॅटरी जुनी असली तरी नुकसान मर्यादित राहतं.

पण मी पुढे जाऊन म्हणतो, की बहुतेकांना डायरेक्ट घ्यायचंच कारण नाही. त्या रविवारनंतर मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. ऐंशी तासांचं रेकॉर्डिंग, जेवढं कार्डात मावलं होतं तेवढं. काय होतं त्यात? आमचं बंद गेट. वाऱ्याने हलणारी लिंबाची फांदी, जिला कॅमेरा दर दोन मिनिटांनी संशयित हालचाल समजत होता. एक मांजर, दोनदा. दूधवाला. शेवटची क्लिप रविवारी रात्री ११:४० ची. त्यातही फांदीच. या फांदीच्या बंदोबस्तासाठी मी आईची गाडी बंद पाडली होती.

पार्किंग मोड हा रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांच्या भीतीवर विकला जातो. ती भीती खोटी नाही. पुण्यात माझ्या सोसायटीबाहेर रोज कुणाचा तरी बंपर घासला जातो. पण रात्री अंधारात घासून जाणाऱ्याचा नंबर त्या कॅमेऱ्यात वाचता आला, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. आणि आईवडिलांची गाडी उभी असते कंपाउंडमध्ये, कुलपाच्या आत. डॅशकॅमची जगात गाजलेली उदाहरणं आठवून पाहा. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, ती जगाने पाहिली डॅशकॅममधून. त्यातली कित्येक चित्रणं सकाळी कामाला निघालेल्या चालत्या गाड्यांतली आहेत. कॅमेरा चावीवर असता तरी उल्का दिसलीच असती. :-) विजापूर रोडचा बाइकवालासुद्धा.

आता वायरिंगबद्दल, कारण बॅटरी उतरणं ही त्यातल्या त्यात सभ्य चूक आहे. यापेक्षा वाईट काहीतरी त्या टेपच्या आत होतं. रूम लाइटची वायर आरशापासून वीतभर अंतरावर असते, खाली फ्यूज बॉक्सपर्यंत वायर न्यावी लागत नाही, म्हणून ती सोलून जोडणं सोपं. कॅमेऱ्याकडे जाणारी वायर असते शेवयासारखी बारीक आणि तिचं रक्षण करणारा फ्यूज असतो गाडीच्या मूळ, जाड वायरीसाठी ठरवलेला, कुठे १० चा, कुठे १५-२० चा. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो, हे कॉलेजात चार वर्षांत कुणी मला इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं, अण्णांनी एका वाक्यात सांगितलं. ती बारीक वायर कुठे दाबली गेली आणि शॉर्ट झाली तर १५ चा फ्यूज ढिम्म हलणार नाही. वायर स्वतःच फ्यूज होईल आणि तापेल, छताच्या कापडाला लागून. वरून ४४ अंशांत उभ्या गाडीच्या छताखाली त्या काळ्या टेपचा गोंद वितळतो. मी कव्हर काढलं तेव्हा टेप अर्धी सुटून लोंबत होती आणि बोटाला चिकट काळं लागलं.

अण्णांनी ते जोडकाम पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले,

"हे काय करून ठेवलायस रे? मेन स्विचच्या अलीकडून घेतलायस, फ्यूज नाही, वायर सोललेली. आकडाच टाकलास म्हण की."

ज्या माणसाची निम्मी नोकरी लोकांचे आकडे काढण्यात गेली, त्याच्याच गाडीत मुलाने आकडा टाकला. यावर मी काय बोलणार?

मला वाटतं आपल्याकडच्या बहुतेक डॅशकॅमचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही. गंमत बघा, बस-टॅक्सीत बसवायच्या ट्रॅकिंग यंत्रासाठी आपल्याकडे रीतसर मानक आहे. एआयएस-१४०, पुण्याच्या एआरएआयने प्रकाशित केलेलं. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते लागू झालं. त्यात यंत्राची वीज कशी असावी याचाही विचार आहे: मुख्य बॅटरी तुटली तरी आतल्या बॅटरीवर चार तास चाललं पाहिजे, आणि वीज तुटल्याचा इशारा यंत्राने स्वतः पाठवला पाहिजे. म्हणजे हा प्रश्न कुणीतरी नीट बसून सोडवलेला आहे. २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई एक्स्टरच्या वरच्या मॉडेलात कंपनीनेच डॅशकॅम दिला, तिथेही वायरिंग कारखान्यातूनच येतं. उरतो तो आपण बाहेरून बसवतो तो कॅमेरा. त्याची जोडणी कुणी तपासत नाही. विकणारा मेगापिक्सेल सांगतो आणि बसवणारा वीस मिनिटांचे पैसे घेतो.

मग सोपा मार्ग? सिगारेट लायटरचं सॉकेट. मी आधी त्याला नाकं मुरडली होती, वायर लोंबते म्हणून. पण बहुतेक गाड्यांत ते चावीवरच असतं, त्याला स्वतःचा फ्यूज असतो, आणि काही सोलावं लागत नाही. (काही गाड्यांत ते चावी काढली तरी चालू राहतं. मोबाइलचा चार्जर लावून, चावी काढून, दहा मिनिटांनी बघितलं की कळतं.) दोष एकच: ते भोक सिगारेट पेटवायच्या कॉइलसाठी जन्माला आलं आहे, प्लग घट्ट धरून ठेवायला नव्हे. खड्ड्यात प्लग हलतो, कॅमेरा बंद होऊन चालू होतो, आणि नेमका खड्ड्याच्या वेळचा भाग गायब. तरीही ज्याला फ्यूज बॉक्स उघडायची भीती वाटते त्याने खुशाल सॉकेट वापरावं. लोंबणाऱ्या वायरने आजवर कुणाची बॅटरी उतरवलेली नाही.

वीज अचानक गेल्यावर काय होतं, हेही जरा. व्हिडिओ फाइलची अनुक्रमणिका बऱ्याच कॅमेऱ्यांत फाइल बंद करताना शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर ती फाइल असून नसल्यासारखी, उघडतच नाही. आणि जोराच्या धडकेत गाडीची वीज नेमकी तेव्हाच जाऊ शकते. म्हणून कॅमेऱ्याच्या आत काही सेकंदांपुरता साठा असतो, एक तर छोटी लिथियम बॅटरी नाहीतर सुपरकपॅसिटर. सोलापूर, लातूर, नागपूर, जळगाव असल्या ठिकाणी राहणाऱ्याने डोळे झाकून कपॅसिटरवाला घ्यावा. साधी लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि इथे काचेमागे, उन्हात, बंद गाडीत तर याहून कितीतरी जास्त होतं. ती फुगते. माझा कपॅसिटरवालाच निघाला, पण ते नशीब. अभ्यास नव्हे.

कपॅसिटरचा एक तोटा मात्र आहे, आणि चावीवर घेतल्याने तो वाढतो, तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. गाडी खूप दिवस उभी राहिली तर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे पडतं किंवा थेट कुठल्या तरी जुन्या १ जानेवारीला जाऊन बसतं. जीपीएस असेल तर ते स्वतः दुरुस्त होतं, नसेल तर हाताने लावायचं. याला क्षुल्लक समजू नका. आपल्या जालन्याची केस आहे, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीची. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद, आणि पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. म्हणजे सगळा खेळ त्या चित्रणातल्या वेळेचा. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून तो नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि आता त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. हे एवढं सगळं करून नेलेल्या क्लिपवर तारीख २०१५ ची असेल, तर समोरचा वकील तुम्हाला चहा पाजेल. म्हणून आमच्याकडे सोमवारी सिद्धेश्वराला जाताना अण्णा आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बघतात, मग देवाला निघतात.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी आणि अण्णांनी ते सगळं काढलं. नवी बॅटरी आधीच घालावी लागली होती, साडेचार हजार. इतकी खोल उतरलेली जुनी चार्ज करूनही पुन्हा दोनदा रुसली. रूम लाइटची सोललेली वायर अण्णांनी नीट जोडून, स्लीव्ह घालून बंद केली. मग फ्यूज बॉक्स. मल्टिमीटरने एकेक फ्यूज बघत गेलो: चावी काढल्यावर शून्य आणि चावी फिरवल्यावर बारा दाखवणारा कुठला? सॉकेटचा सापडला. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही, कितीही सोयीचे दिसले तरी. तिथे फ्यूज टॅप लावला. एकाच खाचेत दोन फ्यूज बसवायची ही पन्नास-शंभर रुपयांची वस्तू, एक गाडीचा मूळ फ्यूज, दुसरा कॅमेऱ्यासाठी २ अँपिअरचा. (फ्यूजचे आकार तीन-चार प्रकारचे असतात. मी आधी चुकीचा मागवला होता, तो घरात कुठेतरी पडला आहे.) अर्थिंग रंगावर नाही, खाली पत्र्यात जाणाऱ्या बोल्टवर. वायर पुढच्या काचेच्या कडेने खांबातून वर नेली. ज्यांच्या गाडीला पडद्यासारख्या उघडणाऱ्या साइड एअरबॅग आहेत त्यांनी वायर त्या एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून नाही. अण्णांच्या गाडीला पुढच्या दोनच आहेत, तरी आम्ही तशीच नेली. सगळ्याला अडीच तास लागले, त्यात चहा दोनदा.

त्या दुकानातल्या पोराकडेही जाऊन आलो. म्हटलं, तू बरोबर बोलला होतास. तो हसला, म्हणाला, "सगळेच डायरेक्ट म्हणतेत सर." त्याला चूक म्हणावं असं मला वाटत नाही. विचारायचं ते त्याने विचारलं होतं, सांगायचं तेही सांगितलं होतं. तो प्रश्न रोज किती गाड्यांत विचारला जात असेल आणि किती जण माझ्यासारखं उत्तर देत असतील, देव जाणे.

अण्णांनी चावी फिरवली, कॅमेरा टुण करून चालू झाला. चावी काढली, दोन सेकंदांत बंद. पुन्हा फिरवली, पुन्हा काढली. समाधान झाल्यावर खिशातलं बॉलपेन काढलं, फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यावर लिहिलं, "कॅमेरा – २ अँ.", खाली तारीख.

आई पायरीवर शेंगा निवडत बसली होती. म्हणाली, "झालं का तुमचं? आता रात्री दोनला एकदा चालू करून बघा म्हणावं."

अण्णांनी खरंच गजर लावला.